पासिंगपुरता रंग

सुरतेजवळच्या हजिऱ्याच्या पोलाद कारखान्यात लोहखनिजाच्या तांबूस गोळ्या उंच भट्टीत वरून सोडतात. नैसर्गिक वायूपासून तयार केलेला तापता वायू खालून चढवतात आणि त्या गोळ्यांतला ऑक्सिजन ओढून काढतात. शुद्ध हेमटाइटमध्ये वजनाने ३० टक्के ऑक्सिजन आणि ७० टक्के लोखंड असतं. दोघं एकमेकांना सहजी सोडत नाहीत, त्यांची ताटातूट करायला अफाट इंधन जाळावं लागतं. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, सुरतेतल्या उधना-भेस्तानच्या पट्ट्यात, वीस वर्षं राबलेला एखादा टेम्पो गॅरेजसमोर उभा असतो. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलेला असतो. नखाने दाबलं की पापुद्रा सुटतो आणि आतून तांबडी भुकटी सांडते. एवढा खर्च करून घालवलेला ऑक्सिजन फुकटात परत आलेला असतो. गंज म्हणजे लोखंडाने पुन्हा खनिज व्हायला घेतलेला रस्ता. तो कायमचा बंद करता येत नाही, लांबवता मात्र येतो.

गाडीमालकाची नड वेगळी असते. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेसचा दाखला नव्याने घ्यावा लागतो. त्या तपासणीची, म्हणजे पासिंगची, तारीख जवळ आली, की धुळे, नंदुरबार, जळगावकडून येऊन लिंबायत-पांडेसऱ्यात स्थायिक झालेला एकगाडी मालक मिस्त्रीसमोर उभा राहतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो : "मिस्त्री, पासिंगपुरतं करून द्या." मिस्त्रीचंही उत्तर ठरलेलं : "घासतो, लांबी भरतो, रंग मारतो. चार दिवसांत घेऊन जा, भाऊ." गाडी चकाचक होते, पासिंग होतं. श्रावण सरतो न सरतो तोच त्याच जागी रंग पुन्हा फुगतो, आणि मालक म्हणतो, रंग हलका होता.

रंग बहुधा हलका नसतो. खिशात पैसे कमी असणं समजू शकतं, पण असलेले थोडे पैसे डोळ्यांना दिसेल त्या बाजूला घालायचे ही सवय महाग पडते. ट्रकचा पत्रा बहुतेक वेळा आतून सडतो आणि आपण बाहेरून रंगवतो. जुन्या गाडीच्या स्वस्त दुरुस्तीचं सगळं मर्म या एका विसंगतीत आहे. ती समजली तर तेवढ्याच पैशांत काम एका-दोन पावसाळ्यांऐवजी पाच-सात पावसाळे टिकू शकतं.

आधी गंज कुठे धरतो ते पाहू. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात एक साधा प्रयोग मांडला, तो कुणालाही घरी करता येईल. पोलादाचा एक तुकडा पॉलिश पेपरने चकचकीत घासायचा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एकच टपोरा थेंब ठेवायचा. तास-दोन तासांनी बघितलं तर थेंबाच्या काठालगतचं लोखंड जवळजवळ जसंच्या तसं राहिलेलं दिसतं. गंजाचं तांबडं कडं काठापासून जरा आत उमटतं आणि पत्रा खरा खाल्ला जातो तो थेंबाच्या मधोमध. काठाला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी पोचत नाही. एकाच थेंबाखाली अशी ऑक्सिजनची चढउतार झाली, की पत्र्यावर छोटी बॅटरी तयार होते. मधलं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं, त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच काठाकडे जातात आणि तिथल्या ऑक्सिजनला मिळतात. दोन्हीकडची द्रव्यं पाण्यात जिथे भेटतात तिथे गंज साचतो.

म्हणजे ओल असताना हवा पोचत नाही तिथे लोखंड आधी जातं. ट्रकवर अशा जागा किती? मडगार्डच्या आतल्या वळणावर थापला गेलेला चिखल. दोन पत्रे एकावर एक चढवून जोडलेली कड. काचेच्या रबराखालची खाच. केबिनच्या फरशीवरची रबरी चटई, जिच्याखालची ओल चैत्रातही पुरती वाळत नाही. हौद्याच्या फरशीचा पत्रा आडव्या बीमवर टेकतो ती पट्टी, फाळक्याच्या बिजागऱ्या, दाराच्या तळातली दुमडलेली घडी. उघडा, वारा लागणारा, पावसाने धुतला जाणारा सपाट पत्रा त्यामानाने सुखी असतो. गंज लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, हाही त्रास आहेच. दोन पत्र्यांच्या मध्ये तो वाढला की पत्रे एकमेकांपासून उचकटतो आणि कारखान्यातले स्पॉट वेल्डिंगचे टाके तोडतो.

आता सुरतेची हवा. इंग्लंडमधलेच संशोधक व्हर्नन यांनी १९३०च्या दशकात दाखवलं, की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंड फारसं गंजत नाही, त्यावर गेली की वेग झपाट्याने वाढतो. सुरतेत जून ते सप्टेंबर ही रेषा कायम ओलांडलेली असते. पण त्याहून वाईट काम मीठ करतं. समुद्राच्या मिठात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते आर्द्रता ३३ टक्क्यांवर असली तरी हवेतून पाणी ओढून ओलं होतं. डोळ्यांना पत्रा कोरडा दिसतो, पण मिठाच्या पुटाखाली अदृश्य ओल टिकून असते आणि बॅटरी चालू राहते. शिवाय क्लोराइड लोखंडावरची संरक्षक पुटं फोडतं. हवेतलं मीठ किनाऱ्यापासून जसजसं आत जावं तसतसं भराभर कमी होतं. म्हणून डुमस-हजिऱ्याकडे उभी राहणारी गाडी आणि बारडोलीला उभी राहणारी गाडी यांचं आयुष्य सारखं नसतं.

काही गाड्या तर मीठ घ्यायला स्वतःहून समुद्रात जातात. ८ नोव्हेंबर २०२० ला घोघा-हजिरा रो-पॅक्स फेरी सुरू झाली आणि रस्त्याने ३७० किलोमीटरचा वळसा समुद्रमार्गे ९० किलोमीटरवर आला. डिझेल वाचलं, टायर वाचले. पण खंभातच्या आखाताचा खारा वारा पत्र्याला काही तास लागला त्याचं काय? फेरीवरून उतरलेली गाडी गोड्या पाण्याने खालून धुतली, तर तेवढ्या एका पाण्याने जेवढा पत्रा वाचतो तेवढा महागड्या रंगाच्या एका हाताने वाचणार नाही. पाणी जोरात मारायचं ते मडगार्डच्या आत, पायदानाखाली आणि चेसिसच्या कोपऱ्यात. बोनेट पुसत बसण्यात अर्थ नाही.

मालाचंही तसंच. खाडीच्या तोंडाजवळची ओली रेती वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यातून रस्ताभर पाणी गळत असतं आणि ते पाणी खारट असू शकतं. बारडोली, चलथाण, सायणच्या साखर कारखान्यांना ऊस ओढणाऱ्या गाड्यांच्या फरशीवर रस सांडतो, आंबतो, आम्ल होतो. खताचं पोतं फाटलं की त्यातले क्षार फटीत बसून ओल धरतात. पांडेसरा-सचिनच्या डाइंग मिलांचे बॉयलर कोळसा जाळतात, त्या धुरातला सल्फर डायऑक्साइड दवात मिसळून पत्र्यावर उतरतो. आणि पुराचा गाळ वेगळाच. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं, शहराचा बहुतेक भाग बुडाला. पुरात बुडालेली गाडी वरून लगेच धुतली जाते, पण दाराच्या आत, खांबांच्या पोकळीत शिरलेला बारीक गाळ तिथेच राहतो आणि वर्षानुवर्षं पाणी धरून बसतो.

याला आकडा लावून बघू. रंग न लावलेल्या साध्या पोलादाची झीज गजबजलेल्या किंवा समुद्राजवळच्या दमट हवेत पहिल्या वर्षी ५० ते ८० मायक्रॉन धरली जाते, अतिखारट हवेत ती २०० पर्यंत जाते. केबिनचा पत्रा ०.८ ते १ मिलिमीटर, म्हणजे ८०० ते १००० मायक्रॉन. दोन्ही बाजूंनी उघडा पडला तर हिशेब तुम्हीच करा. शिवाय ही सरासरी आहे. फटीत गंज सपाट खात नाही, खड्डा पाडत एकाच ठिकाणी खोल जातो, म्हणून भोक हिशेबाच्या आधीच पडतं.

तेव्हा पहिलं काम तपासणी, आणि तिला पैसा लागत नाही. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे लोखंड नाही, आधीच्या कुणा मिस्त्रीने भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, आहे. मग जुन्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने फुगलेल्या जागा टोचायच्या. टोक अडलं तर गंज वरवरचा. कच्चकन आत गेलं तर पत्रा संपला. पाच रुपयांच्या नाण्याएवढा फोड बाहेर दिसला, तर आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा गेलेली असू शकते, कारण बाहेरचा रंग सगळ्यात शेवटी फुगतो. रबरी चटई उचलायची. दाराच्या आतलं पॅनेल काढून टॉर्च मारायचा. केबिनची मागची भिंत आणि हौदा यांच्यातली बोळ बहुतेक कुणी बघतच नाही, तीही बघायची.

वरवरचा गंज असेल तर काम सोपं आहे. सुटणारे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढायचे, मग ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क किंवा हाताने ८० नंबरचा पॉलिश पेपर. गंजाच्या पलीकडे चांगल्या रंगातही दोन-तीन बोटं घासत जायचं. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहतात, त्यांच्यासाठी बाजारात रस्ट कन्व्हर्टर मिळतो. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असतं. फॉस्फोरिक आम्ल गंजाचं लोहफॉस्फेट करतं, टॅनिन त्याला निळसर-काळं करून घट्ट बसवतं. आपल्याकडे हिरडा आणि लोखंड एकत्र करून काळी शाई करत, तीच ही क्रिया. पण कन्व्हर्टर पातळ, घट्ट बसलेल्या गंजावरच चालतो. पापुद्र्यांवर ओतलात तर वरचा थर काळा होतो आणि खालचा आपलं काम करत राहतो.

इथे एक सक्त सूचना. पैसे वाचवायला काही जण संडास साफ करायचं आम्ल पत्र्यावर ओततात. गंज क्षणात फेसाळून निघतो, पत्रा पांढरा पडतो, गडी खूश. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि त्याचं क्लोराइड पत्र्याच्या खड्ड्यांत, जोडांत मागे राहतं. म्हणजे समुद्राचं जे मीठ धुवायचं, तेच आपण हाताने भरलं. एका रात्रीत पत्रा पिवळा-तांबडा झाला की समजावं.

सुट्या भागांसाठी मात्र खरोखर स्वस्त उपाय आपल्या ऊसपट्ट्यातच आहे. बिजागऱ्या, फाळक्याच्या कड्या, हुक, नटबोल्ट असले जिन्नस मळीच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. गुरांच्या खुराकासाठी मिळणारी मळी एक भाग, पाणी नऊ भाग, प्लास्टिकच्या बादलीत आठवडा-दोन आठवडे. मळीतली द्रव्यं गंजाला धरून विरघळवतात, चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. वास मात्र असा सुटतो, की बादली घरामागे नको, शेजाऱ्याच्या घरामागे तर नकोच. ॲल्युमिनियमचे भाग यात टाकू नयेत, ते खाल्ले जातात. भाग काढल्यावर स्वच्छ धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून त्याच दिवशी प्रायमर लावायचा.

भोक पडलं असेल तर पॅच मारावा लागतो आणि इथेच बहुतेक कामं बिघडतात. पहिला मोह असतो भोकात कापड, जाळी किंवा कागद कोंबून वर लांबी थापण्याचा. पॉलिएस्टर लांबीत टाल्कसारखी भुकटी असते आणि ती पाणी शोषते. मागून उघडी राहिलेली लांबी पावसात पाणी पिते, ते पाणी लोखंडाच्या कडेला धरून ठेवते. इव्हान्सच्या थेंबाचाच हा मोठा अवतार. लांबी फक्त पातळ सपाटी करायला, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत. भोक बुजवणं हे तिचं काम नाही.

दुसरा मोह ड्रमच्या पत्र्याचा. सुरतेत रंग-रसायनांचे रिकामे ड्रम मुबलक आहेत, पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, भाव भंगाराचा. पत्रा म्हणून वाईट नाही. पण रिकाम्या दिसणाऱ्या ड्रममध्ये द्रावकाची वाफ उरलेली असते आणि ग्राइंडर किंवा गॅस कटर लावताच तो बॉम्बसारखा उडू शकतो. ड्रम कापताना माणसं मेली आहेत. आत काय होतं हे माहीत नसेल तर हात लावू नका. २० गेजचा कोरा पत्रा पॅचपुरता घेतला तर एकूण खर्चात तो फार थोडा भाग असतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेतला तर आणखी टिकतो, मात्र वेल्डिंगच्या कडेचं जस्त आधी घासून काढावं लागतं. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जुन्या वेल्डरना हा ताप ओळखीचा आहे.

पॅच कापताना चकचकीत लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापायचा. कडेचा सडका पत्रा "राहू दे" म्हणून ठेवला तर वेल्डिंग त्यालाच धरतं आणि तोच पुढच्या वर्षी सुटतो. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढायची, नव्या गाड्यांत संगणक असतो आणि तो वेल्डिंगच्या विजेने जळू शकतो. डिझेलची टाकी, रबरी नळ्या, सीटचा फोम बाजूला, वाळूची बादली जवळ. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग मारत गेलं की पत्रा तापून पापडासारखा वाकतो, म्हणून दर इंच-सव्वा इंचाला एक टाका, तोही आलटून पालटून समोरासमोर, मध्ये थंड होऊ देत. आर्कपेक्षा सीओटू वेल्डिंग पातळ पत्र्याला बरं. एका पत्र्यावर दुसरा चढवून जोड द्यायचा असेल तर वरचा पत्रा खालच्यावर बाहेरून यायला हवा, म्हणजे पाणी फटीत न शिरता निथळतं. उलटा जोड दिलात तर पाण्याला आत जायची वाट करून दिली. नंतर जोडाच्या फटीत सीलर. साधं सिलिकॉन लावू नका, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं. पॉलियुरेथेनचा सीलर घ्या.

यानंतर येतो तो भाग, ज्यावरून मिस्त्री कामाला पक्का आहे की नाही ते कळतं. वेल्डिंगच्या आचेने पॅचच्या मागच्या बाजूचा सगळा रंग जळालेला असतो. पत्र्याच्या पाठीवर उघडं, काळं पडलेलं लोखंड. बाहेरून ग्राइंडर, प्रायमर, लांबी, रंग असे चार हात चढतात आणि पाठ तशीच राहते. पुढच्या पावसाळ्यात फोड याच पाठीवरून येतो आणि शिव्या रंगाला पडतात. म्हणून पॅच थंड झाल्यावर आत हात जात असेल तर ब्रशने, जात नसेल तर लांब नळीच्या फवाऱ्याने आधी प्रायमर आणि तो वाळला की मेण किंवा घट्ट तेल पोचवायलाच हवं. पोकळीसाठीचं मेण तयार मिळतं. ते परवडत नसेल तर स्वच्छ तेलात पातळ केलेलं ग्रीस किंवा उकळलेलं जवसाचं तेल चालतं. जवसाचं तेल हवेत सुकून पातळ कातडीसारखं धरतं. मात्र त्याचे बोळे गोळा करून ठेवू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. जळकं इंजिन ऑइल खालून फासायची ट्रकवाल्यांत जुनी रीत आहे. काहीच न लावण्यापेक्षा बरं, पण त्यात इंजिनातली आम्लं असतात, रबर फुगतं आणि पहिल्या पावसात ते रस्त्यावरून नाल्यात जातं. माझ्या मते टाळावं.

आणि दाराच्या तळातली पाणी जायची भोकं. दारात काचेच्या फटीतून पाणी येणारच, हे गाडी बनवणाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात. मिस्त्री लांबी भरताना ती बुजवतो, रंगारी रंगाने बुजवतो. मग दार म्हणजे पाण्याची टाकी. रंगकाम झाल्यावर बारीक तारेने ही भोकं मोकळी झाली की नाही हे मालकाने स्वतः बघायचं.

प्रायमरच्या बाबतीत थोडं. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवायचं नाही. सुरतेच्या दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर पिवळट छटा आलेली असते. घासलं त्याच दिवशी प्रायमर. पैसे असतील तर दोन भागांचा एपॉक्सी, नसतील तर झिंक फॉस्फेटचा. नेहमीचा रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे रसायन म्हणून गंजाचा भाऊबंद. फरक एवढा, की तो आधीच पुरा ऑक्साइड झालेला असल्याने त्याला आणखी काही व्हायचं उरलेलं नाही. पण एकटा रेड ऑक्साइड पाणी फार काळ अडवत नाही, त्यावर रंग लवकर चढायला हवा. पूर्वी पुलांना आणि जहाजांना शेंदूर लावत, म्हणजे शिशाचा ऑक्साइड. गंज रोखण्यात तो जबरदस्त होता आणि विषारीही तेवढाच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिसं भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भागांपुरतं मर्यादित झालं. हा नियम गाड्यांच्या रंगांना लागू नाही, आणि जुन्या ट्रकवरच्या पिवळ्या, नारिंगी, लाल थरांत शिशाची आणि क्रोमची रंगद्रव्यं असू शकतात. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर वापरा, नाका-तोंडावर चांगला मास्क लावा, आणि गॅरेजमध्ये पोरं खेळत असतील तर त्यांना आधी घरी पाठवा.

सजावटीबद्दल बोलायलाच हवं, कारण ट्रकवाल्याचा जीव तिच्यात असतो. स्टीलच्या चकचकीत पट्ट्या, पायदानावरचा नक्षीचा ॲल्युमिनियम पत्रा, आरसे, झुली, लिंबू-मिरचीचा खिळा. प्रत्येक स्क्रूचं भोक म्हणजे रंगाला पडलेलं छिद्र. स्टेनलेस स्टील आणि साधा पत्रा ओल्या फटीत एकत्र आले की साधा पत्रा जास्त वेगाने खाल्ला जातो आणि पट्टी तशीच चमकत राहते. सजावट करू नका असं कोण सांगणार? पण पट्टी बसवण्याआधी भोकाच्या कडेला प्रायमर आणि पट्टीमागे सीलरचा पातळ थर दिला तर शोभेपायी पत्रा जाणार नाही.

काटकसर कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. मडगार्ड, दाराचा खालचा पत्रा, हौद्याची बाजू इथे पॅच चालतो, मडगार्डला तर फायबरची चटई आणि रेझिनही चालतं. पण चेसिसच्या लांब पट्ट्या, केबिन जिथे चेसिसवर टेकते ते आधार, दाराच्या बिजागरीचे खांब, सीटबेल्टच्या मुळाशी असलेला पत्रा यांवर गल्लीतल्या वेल्डरचा पॅच म्हणजे जिवाशी खेळ. चेसिसवर मनाला येईल तिथे वेल्डिंग केल्याने उलट तिथेच चीर जायची शक्यता वाढते. ते काम कंपनीच्या पद्धतीने, जाणत्याकडूनच. केबिनची फरशी आणि आधार दोन्ही गेले असतील तर भंगारबाजारातून बऱ्या अवस्थेतलं दार किंवा अख्खं केबिन आणणं पॅचांच्या गोधडीपेक्षा स्वस्त पडतं. आणि तेही जमत नसेल, तर १३ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झालेल्या वाहन भंगार धोरणाखाली नोंदणीकृत केंद्रात गाडी देऊन मोकळं होणं यात कमीपणा नाही.

वेळ कोणती साधायची? पासिंगची तारीख आपल्या हातात नसते, पण पत्र्याचं काम पासिंगशी बांधायचं कारण नाही. मार्च ते मेचा पूर्वार्ध हा काळ उत्तम. गाडी राष्ट्रीय महामार्ग ५३ ने कोंडाईबारी घाट चढून साक्री-धुळ्याकडे जात असेल तर तिकडची कोरडी हवा आणखी बरी. दुपारी पत्रा इतका तापतो की रंग बसण्याआधीच सुकतो, म्हणून सकाळी काम. पावसाळ्यात करावंच लागलं तर हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग मारू नये आणि पत्रा दवबिंदूच्या तापमानापेक्षा निदान तीन अंश गरम असावा. इतकं मोजायला साधन नसेल तर ओल्या फडक्याने पत्रा पुसून बघा. ओल पंधरा-वीस मिनिटांत उडून गेली नाही तर त्या दिवशी रंगाचा डबा उघडू नका.

तेव्हा, खानदेशातून सुरतेत येऊन एका गाडीवर घर चालवणाऱ्या बंधूंनो, या उन्हाळ्यात मिस्त्रीकडे जाण्याआधी केबिनमधली रबरी चटई उचला, दाराच्या तळातली भोकं तारेने मोकळी करा आणि चुंबक फिरवून लांबी किती आहे ते पाहा. गॅरेजमध्ये गेलात की रंगाचा भाव विचारण्याआधी, पॅचच्या मागच्या बाजूला काय मारणार, ते विचारा.